ख्रिस्ती मिशनचे बालकार्य

यूरोप-अमेरिकेतील ख्रिस्ती चर्चसंस्थांनी परदेशांत पाठविलेल्या मिशनांनी तेथील मुलांसाठी चालविलेल्या शाळा, वसतिगृहे, अनाथालये, रविवारच्या शाळा, उद्योगशाळा इ. कार्यास सामान्यपणे ही संज्ञा लावण्यात येते. मुलांना साक्षर करणे, निराधारांना आश्रय देणे आणि त्यांच्यामधून त्या त्या देशात स्थानिक ख्रिस्ती मंडळी उभी करणे, असे या कार्याचे तिहेरी उद्दिष्ट होते. ही तीन उद्दिष्टे नेहमीच एकमेकांशी जुळणारी नव्हती. पोटासाठी परक्यावर अवलंबून असलेल्या मुलाच्या धर्मश्रद्धेचा निर्णय कोणी करावयाचा—पालकांनी, पोशिंद्याने, शासनाने, की जाणते झाल्यावर त्या मुलाने स्वतः—हा प्रश्न या कार्याबरोबर पहिल्यापासून चालत आलेला आहे.

उगम : प्रॉटेस्टंट पंथीयांच्या बालकार्याचा उगम जर्मनीतील हाले या नगरात सापडतो. तेथील धर्मोपदेशक आउगुस्ट हेर्मान फ्रांके (१६६३–१७२७) याने १६९५ मध्ये गरीब मुलांसाठी शाळा व नंतर एक मोठे अनाथालय काढले. याच संस्थेशी संबंध असलेला बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ख (१६८२–१७१९) हा आपला सहकारी प्ल्यूटशाऊ याच्यासह डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने १७०६ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील त्रांकेबार (तरंगमबाडी) येथे उतरला व लवकरच त्याने मुलामुलींसाठी शाळा सुरू केल्या. त्रांकेबारहून येणारी वृत्ते हालेच्या अनाथालयात छापली जात व ती वाचून यूरोपातील भाविक देणग्या पाठवीत. दूरदेशीच्या मुलांचे वर्णन, त्या वर्णनाने द्रवणारा वाचक व त्याने पाठविलेला पैसा ही साखळी येथे प्रथमच जोडली गेली. पुढील तीन शतकांत तिची साधने बदलली; साखळी तीच राहिली.

इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स (१७३६–१८११) याने १७८० मध्ये कामकरी वर्गातील मुलांसाठी सुरू केलेली रविवारची शाळा हा या कार्याचा दुसरा मूलस्रोत. आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या मुलांना सातव्या दिवशी अक्षरओळख व बायबलचे धडे देणारी ही पद्धती इंग्लंड-अमेरिकेत झपाट्याने पसरली आणि मिशनांबरोबर आशिया-आफ्रिकेतही पोहोचली.

दाते म्हणून मुले : मदत घेणारी मुले परदेशांत होती, तशी ती देणारी मुले स्वदेशात होती. फ्रान्समधील नान्सीचा बिशप शार्ल द फॉर्बँ-झांसाँ (१७८५–१८४४) याने १८४३ मध्ये ‘पवित्र बाल्य संघ’ स्थापन केला. प्रत्येक फ्रेंच मुलाने महिन्याला एक सू (फ्रेंच पैसा) द्यावा व रोज एक छोटी प्रार्थना म्हणावी आणि त्यातून चीनमधील टाकून दिलेल्या अर्भकांचा उद्धार व्हावा, अशी त्याची योजना होती. अमेरिकेतील रविवारच्या शाळांतील मुलांनी १८५६ मध्ये दहा दहा सेंटांचे ‘भाग’ विकत घेऊन पॅसिफिक महासागरातील मायक्रोनीशियाच्या मिशनसाठी मॉर्निंग स्टार हे जहाज बांधविले. पुढे त्याच नावाची आणखी जहाजे याच रीतीने उभी राहिली. आपण एका जहाजाचे भागधारक आहोत, या जाणिवेने त्या मुलांच्या मनात दूरच्या बेटांविषयी आस्था उत्पन्न झाली असली पाहिजे. मात्र त्या बेटांवरील मुले म्हणजे अंधारात चाचपडणारे अज्ञ जीव, अशी एकांगी समजूतही याच मार्गाने रुजली.

या देवघेवीचा अधिक लक्षणीय प्रकार श्रीलंकेतील जाफना येथे आढळतो. तेथील अमेरिकन मिशनच्या वसतिशाळांत एखाद्या अमेरिकन व्यक्तीने वा मंडळीने तमिळ मुलाच्या खर्चाचा भार उचलला, की त्या मुलाला दात्याने सुचविलेले नाव देण्यात येई. परिणामी न्यू इंग्लंडमधील धर्मोपदेशकांची नावे धारण करणारे तमिळ विद्यार्थी हजेरीपटावर दिसू लागले. दात्याच्या दृष्टीने ही एक स्नेहाची खूण होती. पण ज्या समाजात नाव हे कुळाचे व दैवताचे स्मरण असते, तेथे मुलाच्या आईबापांना ती तशी वाटली असेल असे नाही.

मुलाच्या मोबदल्यात पैसा देण्याने किती विपरीत अर्थ निर्माण होऊ शकतो, याचे उदाहरण चीनमधील त्येनजिन येथे घडले. तेथील फ्रेंच जोगिणींच्या अनाथालयात मुले आणून देणारांना काही रक्कम देण्यात येई. आलेल्या अर्भकांपैकी पुष्कळ मरणोन्मुख असत. त्यांना बाप्तिस्मा दिला जाई व त्यांतील अनेक दगावत. यातून जोगिणी मुले पळवून आणून त्यांचे डोळे व काळीज औषधासाठी काढतात, अशी अफवा उठली. २१ जून १८७० रोजी फ्रेंच वकिलाने गोळी झाडल्यावर जमाव बिथरला व वकील, दहा जोगिणी आणि इतर अनेकजण मारले गेले. अफवा निराधार होती. परंतु अनाथालयाचे बंद दरवाजे, मृत्यूंची मोठी संख्या व मुलांसाठी दिला जाणारा पैसा यांमुळे ती लोकांना खरी वाटली, हेही तितकेच खरे.

अमेरिकन मराठी मिशन : महाराष्ट्रातील या कार्याचा प्रारंभ अमेरिकन मिशनने केला. १८१० मध्ये मॅसॅचूसेट्स संस्थानात स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या संस्थेने १८१२ मध्ये पहिले पाच मिशनरी आशियाकडे पाठविले. त्यांपैकी गॉर्डन हॉल (१७८४–१८२६) व सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीचा मिशनऱ्यांना असलेला विरोध व इंग्लंड-अमेरिका युद्ध यांमुळे त्यांना परत पाठविण्याचे आदेश निघाले होते. तथापि गव्हर्नर सर एव्हन नेपीअन याच्या सहानुभूतीमुळे व त्याच वर्षीच्या सनदी कायद्यामुळे त्यांचे वास्तव्य शक्य झाले. १८१५ मध्ये त्यांनी मराठी मुलांची पहिली शाळा काढली. या शाळांना ख्रिस्ती शिक्षक मिळणे अशक्यच होते. त्यामुळे हिंदू पंतोजी नेमून त्यांच्याकडून बायबलमधील उतारे वाचून घेतले जात. कोकणातील बेने-इझ्राएल समाजाच्या मुलांनी या शाळांचा विशेष लाभ घेतला. त्यांच्यापैकी फारच थोडे ख्रिस्ती झाले. उलट मराठीतून जुना करार वाचावयास मिळाल्याने व पुढे डॉ. जॉन विल्सन याने मराठीतून हिब्रू व्याकरण तयार केल्याने त्यांची स्वतःच्या यहुदी धर्माशी असलेली, काळाच्या ओघात पुसट झालेली ओळख पक्की झाली. मिशनच्या हिशेबात हे अपयश ठरते. शिक्षणाच्या इतिहासात मात्र त्याची नोंद वेगळ्या रकान्यात करावी लागेल.

१८२४ मध्ये अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फरार (१७९५–१८६२) या अविवाहित शिक्षिकेने प्रथम मुंबईत व १८३९ पासून अहमदनगर येथे मुलींच्या शाळांना आपले उर्वरित आयुष्य वाहिले. अहमदनगरची ही शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली व १८४८ मध्ये त्यांनी ती काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण फरारबाईंकडे घेतल्याचे चरित्रकार सांगतात. ख्रिस्ती न झालेल्या समाजावर मिशनच्या बालकार्याचा जो सर्वांत खोल परिणाम झाला, तो बहुधा याच वाटेने. अहमदनगर येथून १८४२ मध्ये निघालेले ज्ञानोदय हे नियतकालिक आणि १८७० नंतरच्या दशकात निघालेले बालबोधमेवा हे मुलांचे मासिक हीदेखील याच मिशनची देणगी होय. दुसऱ्या मासिकाने चित्रे, गोष्टी व गाणी यांच्याद्वारा मराठी बालवाङ्‌मयाच्या जडणघडणीस हातभार लावला.

अमेरिकेतील संस्थेला मात्र शाळांचा हा विस्तार नेहमीच मानवला नाही. तिचा कार्यवाह रूफस अँडर्सन (१७९६–१८८०) याच्या मते मिशनचे खरे काम स्वतःचा कारभार पाहणारी, स्वतःचा खर्च चालविणारी व स्वतः प्रसार करणारी स्थानिक मंडळी निर्माण करणे हे होते. शाळा हे त्याचे केवळ एक साधन. १८५४–५५ मध्ये तो भारतात व श्रीलंकेत येऊन गेला आणि त्यानंतर मुंबई व अहमदनगर येथील मिशनच्या इंग्रजी शाळा बंद करण्यात आल्या. स्थानिक मंडळी स्वावलंबी व्हावी हा विचार दूरदृष्टीचा होता, यात शंका नाही. पण गोरगरिबांच्या मुलांना इंग्रजी शिकण्याची मिळालेली संधी काढून घेण्याचा निर्णय त्यांना न विचारता बॉस्टनमध्ये झाला, हा त्यातील अंतर्विरोध होय. पुढे इंग्रजी शिक्षण पुन्हा सुरू करावे लागले.

वयाचा प्रश्न : शाळेत आलेल्या मुलाने धर्म बदलावयाचा ठरविल्यास त्याचा निर्णय ग्राह्य केव्हा मानावा, हा वाद मुंबईत न्यायालयापर्यंत गेला. १८३९ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. धनजीभाई अज्ञान असल्याचा दावा नातलगांनी केला. परंतु तो स्वतःचे बरेवाईट जाणतो असे मानून न्यायालयाने त्याला हवे तेथे जाण्याची मुभा दिली. पारशी पालकांनी आपली मुले त्या शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. तो लहान असल्यामुळे न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. मात्र मिशनऱ्यांच्या घरी अन्नपाणी घेतल्यामुळे तो जातीबाहेर गेल्याचे सनातनी मानीत होते. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकर यांनी पुढाकार घेतला व त्यापायी मोठा रोष पत्करला. न्यायालयाने मुलाला बापाच्या घरी पोहोचविले. समाजाच्या घरी पोहोचविणे हे त्याहून अवघड होते.

दुष्काळ व अनाथालये : १८७६–७८, १८९६–९७ व १८९९–१९०० या दुष्काळांनी मिशनच्या बालकार्याचे स्वरूप पालटून टाकले. तोवर मुले घरून शाळेत येत. आता घरच उरले नाही, अशी हजारो मुले मिशनच्या दारी आली. अहमदनगर, सोलापूर व इतर ठाण्यांवर अनाथालये उघडली गेली. न्यूयॉर्कच्या क्रिश्चन हेरल्ड या साप्ताहिकाने वाचकांकडून मोठा निधी जमविला. १९०० मध्ये क्विटो या जहाजातून अमेरिकेतील धान्य मुंबईस आले व अनेक अनाथांचा पोषणखर्च अमेरिकन कुटुंबांनी उचलला. या कार्याची व्यवस्था पाहणारे अहमदनगरचे रॉबर्ट ॲलन ह्यूम (१८४७–१९२९) यांना ब्रिटिश सरकारने कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. मुलांना केवळ पोसून भागणार नव्हते, म्हणून सुतारकाम, विणकाम, गालिचे विणणे यांसारखे उद्योग शिकविण्यात आले.

दुष्काळातील अनाथांवर हक्क कोणाचा, यावरून तीव्र वाद झाले. मूल शक्यतो त्याच्या स्वधर्मीयांकडे सोपवावे, असे सरकारी धोरण कागदावर होते. तथापि स्वधर्मीयांची अनाथालयेच पुरेशी नसल्याने ते व्यवहारात येत नसे. आर्यसमाजाने पंजाबात अनाथालये काढली. लाला लजपतराय यांनी दुष्काळग्रस्त प्रदेशांतून हिंदू अनाथांना तेथे नेण्याची मोहीम चालविली व १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे या विषयावर साक्ष दिली. महाराष्ट्रात प्रार्थनासमाजाच्या वतीने पंढरपूर येथे १८७५ पासून बालहत्या-प्रतिबंधक गृह चालू होते. मिशनशी असलेली ही चढाओढ कटू होती, परंतु निराधार मुलांची जबाबदारी समाजाने घ्यावयाची असते ही जाणीव भारतीय समाजसुधारकांमध्ये दृढ होण्यास ती काही अंशी कारण झाली.

केडगावचे मुक्तिसदन : भारतीय स्त्रीने स्वतः चालविलेली व परदेशी चर्चांच्या साहाय्यावर उभी राहिलेली संस्था म्हणून पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या कार्याचे स्थान स्वतंत्र आहे. १८८७ मध्ये बॉस्टन येथे ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाले. त्यात विविध प्रॉटेस्टंट पंथांचे लोक होते व विधवांच्या शिक्षणासाठी दहा वर्षे साहाय्य करण्याचे त्यांनी मान्य केले. त्या बळावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले व ते पुढील वर्षी पुण्यास हलविण्यात आले. सदनात धर्मोपदेश होणार नाही, अशी अट होती. रमाबाई स्वतःची प्रार्थना मात्र दार उघडे ठेवून करीत व मुलींना तेथे येण्यास मज्जाव नसे. उघड्या दाराचा अर्थ काय लावावयाचा, यावर १८९३ मध्ये मतभेद विकोपास गेले. न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींच्या सल्लागार मंडळाने राजीनामा दिला व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन सुमारे ३०० मुली-स्त्रियांना आणले व पुण्याजवळील केडगाव येथे मुक्तिसदन उभे केले. १९०० च्या दुष्काळानंतर, मुख्यतः गुजरातेतून आलेल्या मुलींमुळे, तेथील संख्या २,००० च्या घरात गेली. येथे मुली शेती, विणकाम, स्वयंपाक, छपाई अशी सर्व कामे करीत. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची जुळणी व छपाईही त्यांनीच केली. रमाबाईंची कन्या मनोरमा (१८८१–१९२१) हिने अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून येऊन आंधळ्या मुलींसाठी शिक्षणाची सोय केली. शारदासदनाची धर्मनिरपेक्ष अट मुक्तिसदनाला नव्हती. ते उघडपणे ख्रिस्ती होते व तेथील बहुसंख्य मुली ख्रिस्ती झाल्या. दुष्काळातून जगलेल्या अल्पवयीन मुलींच्या या धर्मांतराला मुक्त निवड म्हणावे काय, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला व तो गैरलागू नाही. त्याच वेळी, या मुलींपैकी बहुतेकींपुढे दुसरा पर्याय उपासमारीचा वा देहविक्रयाचा होता, हेही आक्षेपकांना नाकारता येत नाही.

परदेशी चर्च देणार व येथील मुले घेणार, ही दिशा मुक्तिसदनात एकदा उलटली. १९०५ मध्ये तेथे प्रार्थनेची एक विलक्षण लाट उसळली. तिचे वर्णन करणारी, मिनी एब्रम्स या मिशनरी सहकारिणीने लिहिलेली पुस्तिका चिलीमधील वॅल्पराइझो येथील मेथडिस्ट धर्मोपदेशक विलिस हूव्हर याच्या पत्नीच्या हाती पडली. ती व एब्रम्स जुन्या सहाध्यायिनी होत्या. त्यातून १९०९ मध्ये चिलीत जे धार्मिक उत्थान झाले, त्यापासून तेथील पेंटेकोस्टल चर्चचा उगम मानला जातो. चिलीतील भाविकांपैकी फारच थोड्यांना केडगाव हे नाव ठाऊक असेल.

निवासी शाळा : कुटुंबापासून मुलाला तोडणे हेच जेथे धोरण झाले, तेथे या कार्याने अत्यंत अनिष्ट रूप धारण केले. कॅनडात शासनाच्या पैशाने व रोमन कॅथलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेसबिटेरियन चर्चांच्या व्यवस्थापनाखाली चाललेल्या निवासी शाळांत एकोणिसाव्या शतकापासून १९९० नंतरच्या दशकापर्यंत सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना ठेवण्यात आले. मातृभाषा बोलण्याबद्दल शिक्षा होत असे. मारहाण व लैंगिक अत्याचार झाले. मृत्यू पावलेल्या मुलांची नोंदलेली संख्या चार हजारांहून अधिक आहे. सत्य व समेट आयोगाने २०१५ मध्ये या व्यवस्थेस ‘सांस्कृतिक वंशविच्छेद’ म्हटले. युनायटेड चर्चने १९८६ व १९९८ मध्ये, अँग्लिकन चर्चने १९९३ मध्ये व पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२२ मध्ये कॅनडात जाऊन क्षमा मागितली.

दुसऱ्या महायुद्धानंतर : वसाहती स्वतंत्र झाल्यावर मिशनच्या संस्था स्थानिक चर्चांच्या हाती आल्या. नागपूर येथे १९७० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर भारत चर्चमध्ये अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या विलीन झाल्या. १९७१ मध्ये केन्यातील प्रेसबिटेरियन धर्मोपदेशक जॉन गाटू याने परदेशी चर्चांनी काही काळ माणसे व पैसा पाठविणे थांबवावे, अशी सूचना केली व ती बरीच गाजली. याउलट बालकांसाठीच्या देणग्यांचा ओघ वाढतच गेला. कोरियन युद्धातील अनाथांच्या निमित्ताने वर्ल्ड व्हिजन (१९५०) व कंपॅशन (१९५२) या अमेरिकन संस्था निघाल्या. एका दात्याने एका मुलाचा मासिक खर्च उचलावा, त्याला त्या मुलाचे छायाचित्र व पत्रे मिळावीत, अशी त्यांची पद्धती होती. तीत जाफन्यातील जुन्या प्रथेचाच विस्तार दिसतो. नाव बदलण्याची अट तेवढी गेली. ही पद्धती एकाच मुलाला वेगळे काढते, घराला व गावाला नाही, या टीकेनंतर काही संस्थांनी निधी गावाच्या सामाईक कामांवर खर्च करण्यास प्रारंभ केला. मुलाला अनाथालयात ठेवण्यापेक्षा नातेवाईकांकडे वा पालक-कुटुंबात वाढवावे, असाच आता बालकल्याणशास्त्राचा कल आहे.

भारतात या कार्याच्या मर्यादा कायद्याने आखल्या आहेत. संविधानाच्या २८ (३) या अनुच्छेदानुसार शासनमान्य वा शासकीय अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या, व तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही. मध्य प्रदेश शासनाने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात मिशनच्या शाळा व परदेशी पैसा यांवर कडक टीका केली. ख्रिस्ती संस्थांनी तिच्या निष्कर्षांना व कार्यपद्धतीला आक्षेप घेतला. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. परदेशी देणग्यांवर १९७६ च्या व नंतर २०१० च्या कायद्याने नियंत्रण आले. शासनाने निर्बंध घातल्याने कंपॅशनने मार्च २०१७ मध्ये भारतातील काम बंद केले. त्या वेळी तिच्या योजनांत सुमारे १ लाख ४५ हजार भारतीय मुले होती. २०२० च्या दुरुस्तीनुसार परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे सोपविता येत नाही व प्रशासनावर वीस टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही. मोठ्या संस्थेकडून मिळणाऱ्या वाट्यावर चालणाऱ्या खेड्यांतील लहान वसतिगृहांना याची झळ लागली. मग ती कोणत्याही धर्माची असोत.